तात्पुरता जोड

माझा मामा नळकाम करतो. बेचाळीस वर्षं झाली. त्याला कुणी 'मिस्त्री' म्हटलं की तो खुलतो आणि 'ए नळवाले' अशी हाक मारली की त्या घराचा नळ दोन दिवस तसाच ठिबकत राहतो. उंचीने बेताचा, आवाजाने दांडगा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मामी म्हणायची, "यांना घरात भांडायला कुणी नसलं की हे कुकरच्या शिटीशी भांडतात."

पण एक सांगते, मामाला घाणीचा राग नाही. घाण हे त्याचं रोजचं काम. कोपरापर्यंत हात घालून तुंबलेलं मोकळं करायचं, हात धुवायचे आणि चहा प्यायचा. त्याला राग येतो तो आपली घाण दुसऱ्याच्या दारात सोडून वर नाकाला रुमाल लावणाऱ्यांचा. हा राग मलाही त्याच्याकडूनच मिळाला असावा, कारण पुढचं सगळं लिहितानाही माझी तळपायाची आग मस्तकात जाते आहे.

आमच्या सोसायटीच्या मागे एक ओढा आहे आणि ओढ्याच्या शेवटी तळं. ओढ्याच्या काठाने चौदा घरं आहेत, पत्र्याची, पण स्वच्छ. त्यातल्या पहिल्या घरात इस्त्रीवाल्या मावशी राहतात. आमच्या तिन्ही इमारतींचे कपडे त्यांच्याच टेबलावर जातात. ओढ्याला वास आधीपासून होता, दरवर्षी थोडा थोडा वाढत होता. आम्ही मागच्या खिडक्या लावून घ्यायचो. काठावरच्या लोकांना लावून घ्यायला खिडक्या तरी कुठे होत्या! गेल्या वर्षी तळ्यातले मासे पोट वर करून तरंगले आणि काठावरच्या मुलांच्या पायांना फोड यायला लागले, तेव्हा मावशींनी पालिकेत अर्ज दिला. एक नाही, चार दिले. पालथ्या घड्यावर पाणी. अकरा महिन्यांत पालिकेने काय केलं असेल तर तळ्याकाठी एक पाटी रोवली: 'पाणी दूषित आहे. पाण्यात उतरू नये.' अहो, पाण्यात कोण उतरतंय? पाणीच त्यांच्या उंबऱ्यापर्यंत चढत होतं!

पाचव्या अर्जानंतर एक इंजिनिअर साहेब आले. गाडीची काच चार बोटं खाली केली, रुमालातून पाहिलं, काच वर केली आणि गेले. आठवड्याभरात चौदा घरांना नोटीस. काठावरच्या वस्तीमुळे ओढा आणि तळं दूषित होत आहे, सबब पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मावशी ती नोटीस इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून माझ्याकडे घेऊन आल्या. मी शाळेत गणित शिकवते, तेव्हा सरकारी भाषाही मला येत असणार असा त्यांचा समज. मामा तेव्हा आमच्या मोरीचा नळ बदलत होता. त्याने ओल्या हातानेच कागद घेतला, एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"यांची घाण ओढ्यात जाते म्हणे! या चौदा घरांना संडास आहे कुठे घरात? रस्त्यापलीकडचा सार्वजनिक वापरतात ही माणसं. तो तुंबला की मोकळा कोण करतं? मी. तो सरळ मोठ्या गटाराला जोडलेला आहे."

"मग घाण येते कुठून?" मी विचारलं.

"ते उद्या सकाळी सांगतो," मामा म्हणाला. "आणि साहेबाच्या तोंडावर सांगतो."

नळकाम करणाऱ्यांकडे एक रंगाची पूड असते. चिमूटभर संडासात टाकून पाणी सोडलं की पोपटी रंग होतो, आणि तो जिथे बाहेर पडतो तिथे त्या पाइपाचं तोंड. खोटं बोलायची सोयच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने सार्वजनिक संडासात पूड टाकली आणि मला ओढ्यावर उभं केलं. मी अर्धा तास नाक चिमटीत धरून उभी, रंग नाही. तो उगवला मोठ्या रस्त्याच्या गटारात, मामाने सांगितलं होतं तिथेच. मग दुकानांची ओळ तपासली. मग दवाखाना. सगळे निर्दोष सुटले.

"आता तुमची सोसायटी. नावाला बघून टाकू," मामा म्हणाला. कारण आमच्या तिन्ही इमारतींचं नळकाम त्याचंच. मी घर घेताना त्यानेच सांगितलं होतं, "डोळे मिटून घे, पोरी. भिंतींचं मला माहीत नाही, पण पाइप माझे आहेत."

माझं घर तळमजल्यावर. मी माझ्याच संडासात पूड टाकली, साखळी ओढली आणि मागच्या दाराने ओढ्यावर गेले. मामा लव्हाळ्यात वाकून उभा होता. लव्हाळ्याच्या बुंध्याशी, कुणाला दिसू नये अशा जागी, एका पाइपाचं तोंड होतं. त्यातून छान पोपटी पाणी येत होतं.

मामाने तोंडावरचं लव्हाळं बाजूला सारून पुन्हा एकदा पाहिलं.

मग तो तरातरा पार्किंगच्या कोपऱ्यात गेला, फुलझाडांच्या कुंड्या सरकवल्या आणि पहारीने चेंबरचं झाकण उचललं. आत पाइपावर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, 'तात्पुरते', आणि खाली बाण. अक्षर मामाचं. कच्चा जोड केला की त्यावर लाल रंगाने तसं लिहून ठेवायचं, पुढच्या माणसाला कळावं म्हणून, ही या धंद्यातली रीत. मामाने रीत पाळली होती. पुढचा माणूस मात्र कधी आलाच नव्हता.

"तेव्हा रस्त्यातली मोठी लाइन टाकून झाली नव्हती," मामा झाकणाच्या कडेवर बसून म्हणाला. "बिल्डरला चाव्या द्यायची घाई. म्हणाला, महिन्याभरात लाइन येईल, मग बदलून घेऊ. तोवर पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोड. मी सोडलं."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आणि लाइन?"

"लाइन आली महिन्याभरात. मी बघत होतो ना जाता-येता." मग झाकणावरची माती झटकत म्हणाला, "मला कुणी बोलावलं नाही. दुसऱ्याकडून बदलून घेतलं असेल म्हणून मीही सोडून दिलं."

"न बोलावता यायचं होतंस, मामा!" मी ओरडलेच. "तुला माहीत होतं!"

"हो," तो म्हणाला. एवढंच. त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं. माझा संताप मग कुठे न्यायचा तेच कळेना, कारण मामाने पाइप जोडला खरा, पण अकरा वर्षं त्यात रोज सोडत कोण होतं? मी, आमचे हे, आमचे शेजारीपाजारी. वर खिडकी लावून घेऊन म्हणत होतो, 'काय बाई त्या लोकांच्या सवयी!'

मामा आधी पालिकेत गेला नाही. आधी मावशींच्या टेबलापाशी गेला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी बाजूला उभी होते. मावशींनी हातातली इस्त्री थांबवली नाही. बाही झाली, कॉलर झाली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी तुम्हाला परीटघडीचे कपडे वर पाठवत होते. आणि तुम्ही खाली काय पाठवत होता, ते आज कळलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पालिकेत इंजिनिअर साहेबांनी मामाचं अर्धवट ऐकलं आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवलं. "ही सोसायटी मलवाहिनीला जोडलेली आहे. नकाशात स्पष्ट आहे."

"मग नकाशाला वास येत नसेल, साहेब. ओढ्याला येतो," मामा म्हणाला. "जोड मी स्वतः केलाय. चुकीचा केलाय. मीच सांगतोय ना!"

"लेखी द्याल?"

मामाने लेखी दिलं. सही केली, तारीख घातली, परवाना क्रमांक घातला. साहेबांनी लगेच तत्परता दाखवली. तिसऱ्या दिवशी मामाचा परवाना एका वर्षासाठी निलंबित! आणि चौदा घरांची नोटीस? ती तशीच. ते खातं वेगळं, तो विभाग दुसऱ्या मजल्यावर, तिथले साहेब रजेवर. खरं बोलणाऱ्याला शिक्षा करायला एक टेबल पुरलं, आणि निरपराध माणसांचं घर वाचवायला तीन टेबलांची सही लागते. हा कुठला न्याय?

मी सोसायटीची सभा बोलवायला लावली. म्हटलं, आपणच खणू, दहा-बारा हातांवर तर मोठी लाइन आहे, मामा स्वखर्चाने जोड करवून देतोय. सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण मॅडम, आपल्याला काही त्रास आहे का?"

"म्हणजे?"

"नाही, आपलं पाणी व्यवस्थित जातंय ना? मग पार्किंगच्या नव्या फरशा कशाला उखडायच्या?"

मी सभोवती पाहिलं. माना डोलत होत्या. वाईट माणसं नव्हेत ही. कुणी आजारी पडलं तर डबा घेऊन येतील. पण आपल्या संडासाची साखळी ओढली की पुढचं जग संपतं, असं या सगळ्यांना मनापासून वाटत होतं. आमचे हेही रात्री म्हणाले, "अगं, तू एकटी कशाला वाईटपणा घेतेस?" मी म्हटलं, "मग दुकटी घेऊ या, चला." त्यावर त्यांनी कूस बदलली.

नोटिशीचा तेरावा दिवस उजाडला. मावशींनी पत्र्याच्या भिंतीवरची फळी काढून ठेवली होती, भांडी गोणपाटात बांधत होत्या. मामाने ते पाहिलं आणि तसाच माझ्या दारात आला. हातात सायकलचा पंप आणि एक रबरी फुगा. पाइप तपासताना तोंड बंद करायला वापरतात तो. आत सरकवायचा, हवा भरायची, थेंब हलत नाही.

"ओढ्याकडचं तोंड बंद करतो," तो म्हणाला. "नाक दाबल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पण पोरी, तुझं घर तळमजल्यावर. पहिलं तुझ्याच मोरीतून वर येईल. तू नको म्हणालीस तर नाही करणार."

सकाळचे साडेसहा वाजले होते. तीन इमारती आता उठणार, आंघोळी करणार. मी पायपुसणं उचललं, बादल्या गॅलरीत ठेवल्या.

"भर हवा," मी म्हटलं.

सव्वासातला माझ्या मोरीची जाळी गुडगुडली. साडेसातला पाणी वर आलं. नुसतं पाणी नव्हे. आमचे हे दाढी अर्धी टाकून बाहेर पळाले. आठ वाजता समोरच्या दारातून सेक्रेटरींचा आवाज आला, आणि तो आवाज मी कधी विसरणार नाही, कारण माणसाला त्रास म्हणजे काय ते नुकतंच कळलं होतं. त्यांचा फोन झाल्यापासून चाळीस मिनिटांत पालिकेची गाडी दारात. चाळीस मिनिटांत! मावशींच्या पाच अर्जांना जो साहेब अकरा महिन्यांत गाडीतून उतरला नाही, तो सेक्रेटरींच्या एका फोनवर गुडघाभर लव्हाळ्यात उभा होता.

"हे बेकायदेशीर आहे," साहेब ओरडले. "काढा तो फुगा! आत्ताच्या आत्ता!"

"काढतो की," मामा पंपावर हात ठेवून म्हणाला. "फक्त पाणी कुठे सोडू, तेवढं लिहून द्या. ओढ्यात सोड असं लिहा, सही करा. मी या क्षणी काढतो."

साहेबांनी खिशातलं पेन काढलंही होतं. मग त्यांनी वर पाहिलं. गॅलऱ्यांतून सगळी सोसायटी वाकून बघत होती, या काठाला चौदा घरं उभी होती. त्यांनी पेन परत खिशात ठेवलं आणि फोन काढला.

दुपारपर्यंत खणायचं यंत्र आलं. नव्या फरशा फुटल्या, आणि सेक्रेटरींनी स्वतः त्यांचे तुकडे बाजूला उचलून ठेवले. मैला ओढायचा टँकर चेंबरपाशी लागला, तेव्हा कुठे मामाने फुगा काढला. मोठी लाइन खरंच बारा हातांवर होती. मामाचा परवाना निलंबित, म्हणून जोड दुसऱ्याने केला. मामा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून त्याला सूचना देत राहिला आणि तो बिचारा 'हो मिस्त्री, हो मिस्त्री' म्हणत राहिला. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचा कागदही आला. नोटीस पुढील आदेशापर्यंत स्थगित. रद्द नाही हं, स्थगित. चूक झाली असा शब्द त्या कागदात कुठेही नाही. तळ्यातलं पाणी निवळायला अजून किती वर्षं लागतील, तेही नाही.

मी मात्र सांगायचं ते त्या संध्याकाळचं, कागद आल्यानंतरचंच सांगते. पाणी उतरल्यावर मी साडी खोचून मोरी धुवायला बसले होते. मागच्या दारात मावशी आल्या, हातात खराटा आणि फिनेलची बाटली.

"सरका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सवय नाही."

"नाही मावशी, तुम्ही हात लावायचा नाही," मी म्हटलं. "ही घाण आमची आहे."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "ओळखते मी हिला."

आणि खराटा दाराशी टेकवून ठेवून त्या गोणपाटात बांधलेली भांडी सोडायला घरी गेल्या.