सुलूच्या वतीने दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय? एकच शब्द होता — तोही मी अगदी शांतपणे बोलले होते.

आमच्या घरची एक रीत आहे. डॉक्टरसमोर आजारी माणसाने बोलायचं नाही, सोबत आलेल्या मोठ्याने बोलायचं. सुलू माझी धाकटी बहीण. वजन एकशे बारा किलो, साखर वाढलेली, गुडघे गेलेले. तिचे यजमान नोकरीला मुंबईत. म्हणून रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला तिला मीच न्यायचे. घाटात मला उलट्या होतात — हेही सांगून ठेवते.

वजन उतरवायच्या दोन शस्त्रक्रिया समजावायला डॉक्टरांनी कागदावर दोन पोटं काढली. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून टाकतात, केळ्याएवढी नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. टाके गळणं, रक्तस्राव, रक्ताची गुठळी — हे धोके दोन्हीत. बायपासनंतर अन्नातली सत्त्वं कमी शोषली जातात, म्हणून गोळ्या जन्मभर, न चुकता, आणि तपासणीला सारख्या खेपा. स्लीव्हनंतरही गोळ्या असतात, पण एवढा ससेमिरा नाही. मात्र आधीच जळजळ असेल तर स्लीव्हने ती बळावू शकते. तिथे बायपास बरा.

दुर्बिणीने आत पाहिलं होतं, त्यात काही दिसलं नव्हतं. म्हणून त्यांनी विचारलं, "छातीत जळजळ होते का?"

होते का! सुलूच्या पर्समध्ये आमसुलाची डबी असायची. जेवण झालं की चघळत बसायची. आमच्याकडे पित्ताला आजार कोण म्हणतं — असं मी म्हणू शकते. पण ते खोटं होईल. मी शाळेत विज्ञान शिकवलंय. त्यांनी सांगितलेलं मला नीट कळलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर सुलूचं पोट नव्हतंच, घाट होता. दर खेपेचा.

"नाही," मी म्हटलं.

सुलूने माझ्याकडे पाहिलं. मग पर्स मांडीवर ओढून घेतली. एरवी नाकाने कांदे सोलणारी मी — परतताना तिला म्हटलंही, सुटलीस गो त्या खेपांतून.

स्लीव्ह झाली. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, लोक ओळखेनात. आणि जळजळ अशी पेटली की आता ती खुर्चीत बसून झोपते. माशाचं कालवण बंद. अन्ननलिकेला आतून जखमा झाल्यात. डॉक्टर म्हणतात, आता बायपास करावाच लागेल. आणि दुसऱ्यांदा पोट उघडण्यात धोका पहिल्याहून जास्त. ती घाबरलीय. मीही.

परवा भाजी निवडता निवडता ती रडायला लागली. "ताई, चूक माझीच. तुला वाटलं असणार साधं पित्त. तोंड मी उघडायला हवं होतं."

मी काय केलं असेल? हातातली जुडी खाली ठेवली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे गो. होतं असं माणसाकडून." — मोठ्या मनाने तिला माफ केल्यासारखं.