पहिलं दळण

जोगेश्वरीच्या आमच्या बैठ्या चाळींत कुंडलिक गिरणीवाल्याचं खरं वय कोणालाच ठाऊक नव्हतं. केस, भुवया, कानांवरची लव, सगळ्यावर कायम पीठ. आंघोळीनंतर अर्धा तास तो तरुण दिसतो, असं त्याची बायको द्रौपदी सांगायची. पण त्या अर्ध्या तासात त्याला पाहिलेलं दुसरं कोणी नव्हतं.

गिरणीत तो न्यायाधीशासारखा उभा राहायचा. चिमूटभर पीठ अंगठ्यानं बोटावर चोळायचा, डोळे मिटायचा, आणि डबे घेऊन आलेल्या बायका निकालाची वाट बघायच्या.

"तांदूळ धुतलेत, पण नीट वाळवले नाहीत," तो म्हणायचा. मागची बाई आपला डबा हळूच पदराआड सरकवायची. स्वतःचं काही चुकलं, असं मात्र त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तो दगडांना टाकी लावायचा. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांवर छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायचा. त्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाची भुकटी उतरते. म्हणून ते दळण गिऱ्हाइकाचं नाही, स्वतःच्या घरचं. रविवारी कुंडलिककडे भाकरी चावली की भिंतीपलीकडे कळायचं.

"माझे दात ह्यांच्या इमानदारीनं झिजले," द्रौपदी म्हणायची.

चौऱ्याऐंशी साली त्यांच्या सुलक्षणाला कांजूरमार्गचं स्थळ आलं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. राहिला होता तो मुलाच्या वडिलांचा होकार. हे राजारामभाऊ म्हणाले, मला घर बघायचंय, जेवायलाच येतो. नेमका टाकीनंतरचा रविवार ठरला.

"ह्या वेळी टाकी पुढच्या शनिवारी लावा ना," द्रौपदी म्हणाली.

"दगड बोथट झालेत, पीठ तापतंय. लोकांनी करपलेलं खायचं?"

"मग दुकानातून पीठ आणा."

"गिरणीवाल्याच्या घरात विकतचं पीठ!"

"पहिलं दळण गाईला घाला."

"गाईला दात नसतात?"

द्रौपदी गप्प बसली. वीस वर्षांच्या संसारात ती अशी पटकन कधी गप्प बसली नव्हती, पण कुंडलिकला पिठाइतकं माणसाचं कळत नसे.

रविवारी सकाळी त्यानं आधी घरचे तांदूळ दळले, मग शेजारच्या विमलाताईंचे. दाढी करायला तो घरी गेला तेव्हा दहा मिनिटं द्रौपदी गिरणीत बसली. तेवढ्यात दोन डब्यांतल्या पिठांची अदलाबदल झाली.

दुपारी बांगड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. राजारामभाऊ शेजारी. कुंडलिकनं सवयीनं जबडा घट्ट करून पहिला घास चावला. आवाज नाही. भाकरी लोण्यासारखी. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि बायकोकडे बघितलं. ती रिकाम्या पातेल्यात पळी ढवळत होती.

"झकास भाकरी," राजारामभाऊ म्हणाले.

एवढ्यात दारात विमलाताई. हातात अर्धी भाकरी.

"कुंडलिकदादा, हे काय हो? पीठ दिलंत की दगड? आमच्या ह्यांची दाढ हलली!"

मग तिला पाहुणे दिसले. पण बोलून झालं होतं.

पळी थांबली. पडद्याआड सुलक्षणाच्या बांगड्याही थांबल्या. पाहुण्यांसमोर एक तर गिरणीवाला वाईट ठरणार होता, नाहीतर त्याची बायको. कुंडलिकनं हातातला मऊ घास खाली ठेवला.

"चुकलं, विमलाताई," तो म्हणाला. तो शब्द त्याला त्या भाकरीपेक्षा जड गेला असावा. "टाकीनंतरचं दळण तुमच्या डब्यात गेलं. माझ्याकडून."

भांडायला आलेल्या बाईला एवढी सरळ माफी झेपेना.

"तसं नाही हो," ती पुटपुटली. "अकरा वर्षांत पहिल्यांदाच झालं, म्हणून आले. नेहमीचं असतं तर दुसरी गिरणी नसती का धरली?"

राजारामभाऊ पाणी प्यायले. "हे टाकीनंतरचं दळण एरवी जातं कुठे?"

"आमच्या पोटात," पडद्याआडून सुलक्षणा म्हणाली. "दर महिन्याला."

"अगं!" द्रौपदी ओरडली.

राजारामभाऊंनी विमलाताईंपुढे हात केला. "बघू ती भाकरी. घरच बघायला आलोय, तर पूर्ण बघतो."

त्यांनी तुकडा चावला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. बराच वेळ चावून त्यांनी तो गिळला आणि जिभेनं एकेक दात तपासला.

"पोरगी आमच्याकडे आली म्हणजे तिच्या दातांना तरी आराम मिळेल," ते म्हणाले. "बोला, सुपारी कधी फोडायची?"

पाहुणे गेल्यावर कुंडलिकनं कोणाला काही विचारलं नाही. चांगलं पीठ उरलं होतं तेवढं आणि वर ताजं दळून, विमलाताईंचा डबा भरून दिला. खरखरीत पीठ परत घरी आलं. ते संपेपर्यंत द्रौपदीनं रोज भाकरी चावली आणि दातांबद्दल अक्षर काढलं नाही.

गिरणीत मात्र नवीनच रीत पडली. बायका डबा उचलण्याआधी चिमूटभर पीठ बोटावर चोळतात, डोळे मिटतात. आणि कुंडलिक हात बांधून निकालाची वाट बघत उभा असतो.