पावण्यांचा चहा

चहा चाखून त्याबद्दल लिहिणं हे माझं काम. आज व्हॅनिला चहाचं पाकीट फोडलं आणि त्या वासासरशी मी कुडपणच्या आमच्या पडवीत जाऊन बसले.

असंच एक पाकीट मी मुंबईहून आईसाठी नेलं होतं. तिनं ते बंदच हुंगलं, हसली आणि फळीवर ठेवून दिलं.

"पावणे आले की काढीन गो. आपल्याला रोजचा हाय की."

दर सुट्टीत मी विचारायची, "फोडलंस का?"

"नाय गो. तसं कोण आलंच नाय."

मग एकदम सगळेच आले. आईला स्मशानात पोचवून माणसं परतली, तेव्हा आमची चूल बंद होती. शेजारच्या सुमनकाकूनं फळीवरचं हाताला लागलं ते पाकीट नेलं आणि तिच्या घरून कोरा चहा उकळून आणला. रडणाऱ्या बायकांमध्ये केकसारखा गोड वास पसरला. कापडे गावाहून आलेल्या मामानं पेला नाकाशी धरला.

"कसला गो हा चहा?"

"पावण्यांचा," मी म्हटलं.

परीक्षणाच्या शेवटी लिहावं लागतं, हा चहा कुणाला आवडेल. आईला आवडला असता का, एवढंही मला सांगता येत नाही.