घोंगडीखालचा मका

मायच्या कोंबड्या एकामागून एक मरायला लागल्या, तेव्हा गल्लीनं दोष मायलाच दिला. मेंढरं विकून आम्ही पुंडलिकनगरला आलो होतो आणि परसातलं खुराडं हा तिचा जीव होता. "हाताला गुण नाय बाईच्या," बायका म्हणायच्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

माझा संशय त्यांना घालायच्या मक्यावर होता. बुरशी लागलेल्या दाण्यात विष तयार होतं, हे मी विद्यापीठात शिकत होते. पण नामांतराचं आंदोलन पेटलेलं. त्याच्या घोषणा देऊन माझाही घसा बसला होता, आणि प्रयोगशाळेला कुलूप. दादा चिकलठाण्याच्या कारखान्यात वायरिंग करायचा. तो म्हणाला, "बुरशीचे दाणे ज्याच्याखाली चमकतात, तो तुमचा जांभळा दिवाच लागतो ना? बॅटरीवर करून देतो की." आणि पठ्ठ्यानं जेवणाच्या डब्यात तो बसवूनही दिला!

मी, माय आणि बा औरंगपुऱ्यात, आम्हाला मका विकणाऱ्या खाद्यवाल्या शेठकडं गेलो. "मका चोख हाय," शेठ म्हणाले. "कोंबड्या तुमच्याच हातानं मेल्या, बाई." मी त्यांच्या पोत्यातले दाणे फोडून दिवा लावला. काहीच दिसेना. ऐन दुपारी, रस्त्यावरच्या दुकानात दिवा दाखवायला निघालेली मी शहाणी! शेठ पोट धरून हसले. मायनं मान खाली घातली.

ते मला सहन झालं नाही. बाच्या खांद्यावरची काळी घोंगडी ओढली आणि शेठच्या आणि माझ्या डोक्यावरून घेतली. आत गुडूप अंधार झाला. घरून आणलेला चांगला मका मंद दिसत होता; पोत्यातले दाणे मात्र हिरवट पिवळे चमकत होते. शेठचं हसू तिथंच थांबलं.

"ही बुरशीची खूण," मी म्हणाले. "विषाची खात्री प्रयोगशाळेत होईल."

कुलूप निघाल्यावर तीही झाली. शेठ पोती बदलून द्यायला निघाले, तर माय म्हणाली, "पोती र्‍हाऊ द्या. आधी आमच्या गल्लीत या, आन् माझ्या हातानं मेल्या नाय, हे समद्यांम्होरं सांगा."

शेठ आले. त्यांनी सांगितलं. मग त्याच बायका एकेक करून दाणे बघायला वाकल्या, आणि घोंगडी माय धरून उभी होती, ताठ मानेनं.