माझ्या पुण्यानुमोदनाचा चहा

माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चहा कमी पडला, आणि जास्तीचं दूध आणायला मलाच पिटाळण्यात आलं. (पुण्यानुमोदन म्हणजे आम्हा बौद्धांमध्ये माणूस गेल्यावर वंदना घेतात, चार जण चार बरे शब्द बोलतात आणि मंडळी खीर खाऊन घरी जातात, तो कार्यक्रम.) किटली घेऊन निघालो तर मागून आबा ओरडले, "पळत जा रं! मयताच्या कार्यक्रमात असा उशीर बरा न्हाई दिसत!" आता खुद्द मयतच दुधाला गेलंय म्हटल्यावर उशीर व्हायचाच. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील. शेवगावात जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते शाळेतून. वाद घालण्यातून नव्हे. न्हाव्याच्या दुकानात, एसटी स्टँडवर, बाजार समितीच्या फाटकात ते इतके वाद जिंकले होते की गावात प्रतिस्पर्धीच उरला नव्हता. गुरुजी दिसले की माणसं रस्ता ओलांडायची. मी नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि शनिवारी एसटीनं घरी यायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. दिल्ली गेटजवळ नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता. एका शनिवारी मला दुर्बुद्धी झाली आणि मी आबांना सांगितलं, की कॉम्प्युटरवर एक पान असतं, तिथं जगभरातली मराठी माणसं एकमेकांशी दिवसरात्र भांडतात.

"दिवसरात्र?" आबांनी चष्मा काढला.

"हो."

"आन मधी कुनी उठून जात न्हाई?"

"नाही, आबा."

"मग इतके दिस तू मला सांगितलं का न्हाईस?"

झालं! त्या आठवड्यापासून शेवगाव आंतरराष्ट्रीय वादात उतरलं. पद्धत अशी: आबा फुलस्केपवर मुद्दे लिहायचे, मी ते करंजीच्या घाटातून नगरला न्यायचो, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून पानावर टाकायचो, उत्तरांचे कागद छापून पुढच्या शनिवारी परत न्यायचो आणि आबांना वाचून दाखवायचो. जगात बाकीचे लोक मिनिटाला भांडत, आम्ही एसटीच्या वेळापत्रकानं भांडत होतो. एखाद्यानं सोमवारी आबांना मूर्ख म्हटलं तर आबांना त्याचा राग शनिवारी यायचा.

त्या सुमारास दोन बायकांच्या प्रेमावरचा एक सिनेमा आला होता आणि मोठ्या शहरांत काही मंडळींनी धर्माच्या नावानं थेटरांच्या काचा फोडल्या होत्या. पानावर नुसता वणवा पेटला. त्यात 'ज्वालामुखी' नावाचा एक गृहस्थ सगळ्यात पुढे. (हा ज्वालामुखी कॅलिफोर्नियात एसी लावून धुमसायचा.) त्यानं लिहिलं, असल्या लोकांना देशातून हाकला. आबांनी लिहिलं, 'घटनेने प्रत्येकाला बोलण्याचा हक्क दिला आहे, काचा फोडण्याचा नाही.' ज्वालामुखीनं आबांची जात काढली, आरक्षण काढलं, आणखी बरंच काही काढलं. मला वाचून दाखवताना लाज वाटत होती. आबा मात्र खूश!

"शिव्या द्याया लागला म्हंजी मुद्दे संपले त्याचे. लिव्ह पुढं."

मला आबांचा फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं उत्तर टाइप करायला बसलो. काय लिहिलं होतं! समता, बंधुता, कुणाला हीन लेखण्याचा अधिकार कुणालाही नाही. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: 'अर्थात या तसल्या समलिंगी लोकांचा आम्ही पुरस्कार करत नाही, ही श्रीमंतांची थेरं आहेत.'

आता सांगूनच टाकतो. त्या तसल्या लोकांपैकी एक जण तेव्हा दिल्ली गेटच्या सायबर कॅफेत बसून ही ओळ टाइप करत होता. श्रीमंत मात्र नव्हता. कॅफेवाल्या बबलूची उधारी होती.

ओळ मी जशीच्या तशी टाकली. पोस्टमननं पत्रात ढवळाढवळ करू नये. वाटलं, जगभरातली एवढी शहाणी माणसं आहेत, कुणीतरी उत्तर देईलच. पण ज्वालामुखी आबांच्या जातीवर अडकला होता आणि बाकीचे ज्वालामुखीवर. त्या ओळीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दोन दिवस वाट पाहिली आणि मग मीच दुसऱ्या नावानं आत शिरलो. सुहास, मुक्काम शिकागो. लिहिलं, 'आदरणीय गुरुजी, तुमच्या समतेचा दरवाजा उंच आहे. पण माझ्या वेळेलाच तो बंद का? मी तसला आहे.'

शनिवारी हे मीच आबांना वाचून दाखवलं. आवाज स्थिर ठेवून आणि मधूनमधून नाक मुरडून. आबांनी कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतः उलटसुलट करून पाहिला.

"पोरगं चुकीचं हाय," ते म्हणाले, "पन बोलतंय नीट."

तिथून सुरू झालं. आबा ज्वालामुखीला विसरले. आठवडाभर ते सुहासला काय उत्तर द्यायचं त्याचाच विचार करायचे. आई सांगायची, जेवतानाही घास हातात धरून बसतात. मी शनिवारी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत प्रश्न यायचा, "सुहासराव काय म्हनत्यात?" माझी तब्येत कुणी विचारत नव्हतं. सुहासला सर्दी झाल्याचं मी एकदा उगीच लिहिलं, तर आबांनी त्याच्यासाठी तुळशीच्या काढ्याची कृती पाठवली. मला त्याच आठवड्यात ताप होता, मला म्हणाले, "एसटीत खिडकी लावून बसायला काय हुतं?"

आता तुम्ही म्हणाल, हा खेळ कशासाठी? खेळ नव्हता. आबांनी मिरजगावची एक मुलगी माझ्यासाठी पक्की करत आणली होती. साखरपुड्याचं बोलणं चाललं होतं. त्याआधी मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला तोंड उघडलं की माझ्या तोंडून 'चहा घेणार का?' एवढंच बाहेर पडायचं. सुहासला मात्र सगळं बोलता येत होतं. वाटलं होतं, आधी त्याला पुढं घालावं. आबा त्याच्याशी माणसासारखे वागले, तर मागोमाग आपणही जावं.

आणि आबा विरघळत होते हो! ज्वालामुखीनं सुहासला 'घरी येऊन तोडतो' अशी धमकी दिली, तेव्हा आबांनी त्याला असा झाडला की तो दोन आठवडे विझला. मग त्यांनी सुहासला विचारलं, 'आपल्या वडिलांना हे ठाऊक आहे काय?'

सुहासनं लिहिलं, 'नाही गुरुजी. भीती वाटते.'

आबांचं उत्तर मी एसटीतच उघडून वाचलं. 'सांगून टाका. बाप म्हणजे काय वाघ आहे?' शेजारची बाई म्हणाली, "काय झालं, भाऊ? घरी काय वंगाळ झालं का?" मी म्हणालो, धूळ गेली डोळ्यात.

सांगून टाकायचं ठरवलं मी. खरंच ठरवलं होतं. पण पुढच्याच शनिवारी मी निघायच्या आत आबाच नगरला हजर! धोतर कडक, बगलेत पिशवी, पिशवीत सुहाससाठी शेंगदाण्याची चटणी.

"सुहासरावांच्या बापाचं गाव इचारायचंय. म्या सोता जातो. दोघं म्हातारे समोरासमोर बसून बोलू. त्या पोराच्यानं न्हाई व्हायचं."

मी त्यांना कॅफेत बसवलं आणि 'कंपनीचं काम आहे' म्हणून मागच्या कोपऱ्यातली मशीन धरली. बबलू टाइप करू लागला, आबा सांगू लागले. अख्ख्या कॅफेला ऐकू जात होतं. "लिव्ह, सुहासराव, गाव सांगा. कोनचं बी असू द्या. मी आजच्या आज निघतो."

माझ्या समोरच्या काचेवर ती ओळ उमटली. माझ्या पुढ्यात आबांची पाठ होती. मानेवर न्हाव्यानं नुकताच वस्तरा फिरवला होता. शिकागोच्या माणसाला भेटायला ते दाढी-कटिंग करून आले होते. मी टाइप केलं, 'गुरुजी, मागे वळून बघा.' बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

नाही दाबलं. पुसून टाकलं. आबा पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "का रं बोलंना?" आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचू नये तेच मला सुचलं. बदली झाली लिहिता आलं असतं, फोन बंद पडला लिहिता आलं असतं. मी तिसऱ्या नावानं शिरून लिहिलं: 'मी सुहासचा मित्र. कळवण्यास दुःख होते की सुहासचे काल मोटार अपघातात निधन झाले.'

बबलूनं ते वाचून दाखवलं. आबांनी टोपी काढली. मग ते सावकाश उठून उभे राहिले आणि वळून सगळ्या कॅफेला म्हणाले, "पोरांनो, एक चांगला मानूस गेला. दोन मिन्टं उभं ऱ्हावा." मास्तरांचाच आवाज तो, सगळे उभे राहिले. एक जण मोटारीचा खेळ खेळत होता. त्याची मोटार पडद्यावर धाडधाड आपटत राहिली आणि आम्ही सगळे माना खाली घालून उभे. मी स्वतःला श्रद्धांजली वाहिली. चटणीची पिशवी आबा खुर्चीवरच विसरले.

शेवगावला पोचल्यावर आबांनी जाहीर केलं, सुहासचं पुण्यानुमोदन विहारात व्हायचं.

"कोन सुहास?" आईनं विचारलं.

"आपला."

"आपला कोनचा?"

"अगं, आपलाच!" आबांचा आवाज फुटला. आईनं पुढं विचारलं नाही, खिरीचं भांडं काढलं.

फोटो नव्हता. आबांनी मला मागितला. मी माझा कुठून देणार? शेवटी त्यांनी सुहासचं पहिलं उत्तर छापलेला कागद चौकटीत घातला, वरती हार, पुढं मेणबत्ती. बायाबापड्या येऊन त्या इंग्रजी अक्षरांना हात जोडत होत्या. आणि ऐन वेळी मिरजगावचे पाहुणे टेम्पो करून हजर! त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, तुमच्या व्याह्यांच्या घरी जवान मयत झालंय.

"लई वंगाळ झालं बगा," मुलीचे वडील मला मिठी मारून म्हणाले. "कसं हुतं पोरगं?"

"बरं होतं," मी म्हणालो. "जरा भित्रं होतं."

याच वेळी चहा संपला आणि मला दुधाला पिटाळलं, ते वर आलंच आहे. परत आलो तेव्हा आबा बोलायला उभे होते. मी किटली घेऊन पाठीमागं थांबलो.

"ह्यो पोरगा आन मी भांडलो. रगड भांडलो. त्यो तसला हुता. मला ते पटलं न्हाई, आजबी समदं पटलंय असं न्हाई. पन त्याच्या बापाला म्हाईतच न्हाई, आपलं पोरगं काय हुतं. म्या म्हनलो, सांग. त्यो म्हनला, भ्या वाटतं. आपन गावाच्या इहिरीवरनं भांडलो, देवळावरनं भांडलो, समतेच्या बाता मारल्या. आन आपल्याच घरात पोरगं बापाला भितंय, तर कसली समता?" आबा थांबले. डोळे पुसले. "माझ्या पोरानं मला असं सांगितलं असतं, तर म्या दोन दिस जेवलो नसतो. तिसऱ्या दिशी त्याच्याच ताटात जेवलो असतो."

विहारात टाचणी पडली तर ऐकू आली असती. माझ्या हातून किटली पडली. सगळं दूध सतरंजीवर. आबा तिथूनच ओरडले, "हात हाय का पाय? चांगल्या कार्यक्रमाची माती केली!"

लोक गेल्यावर मी बाहेर नळावर बशा विसळत होतो. आबा पायरीवर टेकले होते. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "आबा, ते तिसऱ्या दिवसाचं तुम्ही बोलला... खरंच जेवला असतात?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं, प्रश्नच न कळल्यासारखं. मग थकल्या आवाजात म्हणाले, "अरं येड्या, मेलेल्याला कुनी नापास करतंय व्हय?"

मी पुढची बशी घेतली. आणखी एक शब्द बोलायला हवा होता, तो आला नाही.

एक गोष्ट केली. मिरजगावला जाऊन मुलीच्या वडिलांना हात जोडले आणि लग्न करणार नाही म्हणून सांगितलं. तिचं काही वाईट झालं नाही, चांगलं घर मिळालं. आबा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. लग्न का मोडलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढं ते गेले, तेव्हा मी पंचशील म्हणताना ढसाढसा रडलो, ते नुसतं आबा गेले म्हणून नव्हतं.

कागदाची ती चौकट आमच्या घरात अजून भिंतीवर आहे. आई दर रविवारी पदरानं पुसते आणि म्हणते, "बिचारं पोरगं. लगीन न करताच गेलं." मग लगेच माझ्याकडं वळते, "तू तरी कर की रं आता!"

मेल्यावर माणूस यातून सुटतो म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे.