हातोड्या थांबतात तो सिनेमा

ये गं बाई, अशी जवळ सरक. कागदावरून बोलावतेय म्हणून लांब बसायचं असं काही नाही. आणि आधी जरा बोलणी खाऊन घे. परवा फोनवर काय म्हणालीस मला? "आजी, एका वाक्यात सांग, आवडला का?" अगं, तू एवढी खपून तासाभराचा सिनेमा केलास आणि आजीनं तो एका वाक्यात उरकायचा? मी सांगायला लागले, तर तुझी मीटिंग निघाली. म्हणून आता लिहायला बसलेय. लिहिणारीला मध्येच कुणी तोडत नाही.

तुला आमची रीत ठाऊक आहे, पण हे तुझ्या मैत्रिणींनी वाचलं तर त्यांनाही कळावं म्हणून मुळापासून सांगते. आमच्या गावात, कर्जतच्या या बाजूला, बांधाबांधावर चिंचा आहेत. उन्हं तापायला लागली की व्यापारी झाडं उतरवतात आणि चिंचांची पोती बायकांच्या घरी आणून टाकतात. आम्ही त्या फोडायच्या. दगडावर चिंच धरायची, हातोडीनं हलकं ठोकायचं, टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. फोडलेली चिंच पोत्यात भरली की व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन नगरच्या बाजाराला घेऊन जातो. तू लहानपणी नगरच्या सावेडीहून सुट्टीला यायचीस तेव्हा चिंचोक्यांचे ढीग करून खेळायचीस.

तर आमच्याकडे पहिला टीव्ही आला तेव्हा माझ्या सासूबाई होत्या. त्यांना सिनेमाचं वावडं नव्हतं, रिकाम्या बसण्याचं होतं. त्यांनी बजावलं, "बघायचं तर बघा, पन हात रिकामं ठिवायचं न्हाईत." मग आळीतल्या बाया आपापला दगड, हातोडी आणि पाटी घेऊन आमच्या ओसरीवर यायला लागल्या. समोर सिनेमा, इकडे ठकठक. पुरुषमाणसं वैतागायची, म्हणायची एक शब्द ऐकू येत नाही. आम्हाला सगळं ऐकू यायचं.

एकदा काय झालं, सासूबाई आत पडल्या होत्या आणि ठकठक अचानक बंद झाली. त्यांना वाटलं, बाया काम टाकून पळाल्या. तरातरा बाहेर आल्या तर सगळ्या जागच्या जागी, कुणाची हातोडी वर, कुणाची मांडीवर, आणि डोळ्यांना पदर. त्या घाबरल्या. "कोन गेलं?" म्हणाल्या. माझी जाऊ रडत रडत म्हणाली, हिरॉईनचा बाप.  सासूबाई तिथंच भिंतीला टेकल्या आणि उरलेला सिनेमा पाहिला.

तेव्हापासून हे आमचं माप. कुठला सिनेमा चांगला म्हणून विचारलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो, हातोड्या थांबल्या का? त्या दिवसापासून आजतागायत.

बाकी मतं म्हणशील तर प्रत्येकीचं वेगळं. तुझी धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, तिला मारामारी पाहिजे. हिरोनं निदान एक टेबल तरी मोडलं पाहिजे, नाहीतर तिला फसवल्यासारखं वाटतं. समोरच्या सोनारीणबाई शेवट आधी विचारून घेतात. गोड असेल तरच बसतात, म्हणतात रडायला घर आहे. तुझ्या मामीला गाणी नकोत, ती रिमोटनं गाणं पुढं ढकलते आणि त्यावरून दर वेळी भांडण. माझं स्वतःचं विचारशील तर मी स्वयंपाकघर बघते. बाई गरीब दाखवलीय आणि ओट्यावर एक खरकटं भांडं नाही, की माझा विश्वास उडाला. मग हिरो कितीही देखणा असो. मोठ्या डोळ्यांच्या एका नटाला जाऊबाई अजून आमचा जावई म्हणते. त्याचं वय झालं, केस रंगवतो, तरी त्याच्यावर बोललेलं तिला खपत नाही.

आणि अक्षरं मी सिनेमामुळंच शिकले हेही लिहून ठेवते. शाळा नव्हती नशिबात. पण सुरुवातीला नावं येतात ना, ती मी बोटानं हवेत गिरवायची. आधी हिरोचं नाव ओळखू यायला लागलं, मग गाणी लिहिणाऱ्याचं, मग कपडे शिवणाऱ्याचंसुद्धा. बाया म्हणायच्या, नावं झाल्यावर सिनेमा चालू होतो. माझा नावांपासूनच चालू व्हायचा.

आता तुझ्या सिनेमाकडे येते. तू फोनवर सांगितलं होतंस की सिनेमा आता बाहेर लोकांना दाखवायला पाठवायचाय आणि त्याआधी तुला आजीच्या ओसरीवरचं खरं मत पाहिजे. आणि तुला धाकधूक एका भागाची. आई-बाप ऊसतोडीला निघतात, थोरल्या मुलीला शाळेसाठी मागं तिच्या आजीपाशी ठेवतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान चढलेलं असतं आणि आई तवा राहिला म्हणून परत येते. तवा घेते, पोरीकडे न बघता निघून जाते. तू म्हणालीस, "आजी, ते फार लांबलंय. काढून टाकू का?" मी ते कुणाला सांगितलं नाही, सिनेमा कुणाचा तेही नाही. सिनेमाच सांगेल म्हटलं.

पण तुझ्या धाकट्या आजीच्या पोटात काही राहतं का? मामीनं फोनवरून सिनेमा टीव्हीवर लावायच्या आधी अख्ख्या आळीला कळलं होतं की हा नातीचा सिनेमा. आणि मग ज्या आल्या त्या अशा आल्या की जणू साखरपुडा आहे. इस्त्रीच्या साड्या, डोक्याला तेल, सोनारीणबाईंच्या हातात नारळ. हातोडी एकीनंही आणली नव्हती. मी विचारलं तर जाऊ मलाच रागावली. पोरीच्या सिनेमात ठोकाठोकी करायची का, म्हणाली. लग्नात अक्षता टाकायच्या सोडून चिंचा फोडतं का कुणी?

सिनेमा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळ टीव्हीपुढं फोडायचा का तुझ्या फोटोपुढं, यावर थोडा वाद झाला. तुला फोन लावला आणि एकेकीनं छान, लई छान म्हणून सांगितलं. तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस. मग मला म्हणालीस, "आजी, हातोड्या कुठं थांबल्या?"

मी सांगितलं, कुणी आणल्याच नव्हत्या.

 तू म्हणालीस, "मग तर काहीच नाही कळलं."

तुझा तो आवाज मला रात्रभर पुरला. बाई, राग नाही आला मला, उलट ऊर भरून आला. आमच्या ओसरीचं माप तुला टाळ्यांपेक्षा मोठं वाटलं म्हणून. पण बायांची ही गाठ सोडवायची कशी? एकदा त्यांना कळलंय पोरगी आपली. आता हातोड्या घेऊन बसवल्या तरी तुझ्यासाठी म्हणून मुद्दाम थांबवतील.

उपाय माझ्या शेजारणीनं काढला. तुला आठवते ना, नळापाशी राहते, अंगानं बारीक, बोलणं कमी? तिची कितीतरी वर्षं ऊसतोडीत गेली. आता गुडघे गेले म्हणून जात नाही. ती म्हणाली, "ज्या दिशी टेंपू यायचाय त्या दिशी लाव. त्या दिशी कुनाला लाड परवडत न्हाईत."

खरंच की. टेम्पो यायच्या दिवशी पोती भरून तयार नसली तर व्यापारी कटकट करतो, पुढचा माल दुसऱ्या आळीत टाकतो. त्या दिवशी आम्ही पाणी प्यायलासुद्धा उठत नाही.

मी तसंच केलं. टेम्पोच्या दिवशी दुपारी सगळ्या घामाघूम चिंचा फोडत बसलेल्या, मी मामीला म्हटलं, लाव गं पोरीचा परत. जाऊ म्हणाली, बघितलाय की. मी म्हटलं, मग नुसता ऐका. काम चालू ठेवून ऐकायला कुणाची ना नव्हती.

सुरू झाला. ठकठक चालू. नावं आली. तुझं नाव मी वाचलं, कुणाला विचारावं लागलं नाही, आणि लेखन, दिग्दर्शन हे शब्दही वाचले. तेवढ्यापुरती माझी हातोडी थांबली ती धरू नकोस, ती आजीची होती. बाकीच्यांच्या चालूच. शाळेचं आलं, ठकठक. सिनेमातल्या आजीचं आणि पोरीचं भांडण आलं, त्यात जाऊबाई हसली, पण हात चालूच. मी टीव्हीकडे बघेना, मी कान लावून बसले.

मग ट्रॉली आली. सामान चढायला लागलं. आई परत आली, तवा उचलला. आधी सोनारीणबाईंची हातोडी थांबली. मग मामीची. जाऊबाईची एकदा अर्धवट पडली आणि मग नाही पडली. बाई गं, टेम्पोचा दिवस, सिनेमा एकदा पाहिलेला, शेवट ठाऊक असलेला, आणि ओसरीवर आवाज नाही. चुलीवर ठेवलेलं पाणी उकळत होतं तेवढं ऐकू येत होतं. तू तो भाग लांबला म्हणतेस ना? तो संपेपर्यंत एकही हात हलला नाही.

जाऊबाईच पहिली बोलली. तिला राग आला होता. म्हणाली, "बया काय दगडाची हाय का? पोरीकडं एकदा बघावं तरी."

तेव्हा नळापासची शेजारीण, हातातली हातोडी तशीच मांडीवर धरून बसलेली, हळूच म्हणाली, "आमी मागं बघत न्हाई. बघितलं की पाय निघत न्हाई."

 मग तिनं हातोडी उचलली आणि बाकीच्यांनीही उचलल्या.

आता दुसरं ऐक, रागावू नकोस. शेवटचं गाणं, जे तुझं सगळ्यांत लाडकं, ज्यात पोरगी चढावरून पळत येते आणि मागं ते व्हायोलिन वाजतं, त्यात आमच्या हातोड्या अशा सुटल्या की विचारू नकोस. तव्यात गेलेला सगळा वेळ बायांनी गाण्यात भरून काढला. मामीनं तर रिमोटकडे हातसुद्धा नेला होता, मी दटावलं. गाणं वाईट नाही. पण आमच्या हातांनी ते पुरतं घेतलं नाही. ठेवायचं की कापायचं ते तू ठरव, तुझा सिनेमा आहे. तव्याला मात्र हात लावायचा नाही. हे मी नाही म्हणत, ओसरी म्हणतेय.

टेम्पो आला तेव्हा पोती भरलेली होती, एकाचं तोंड शिवायचं राहिलं होतं तेवढंच. व्यापारी कुरकुरला. जाऊबाईनं त्याला ऐकवलं, आमच्या पोरीचा सिनेमा चालू होता, शिवण घालायला हात मोकळा नव्हता. एवढ्या ताठ मानेनं तिनं हिरोबद्दलही कधी सांगितलं नव्हतं.

तर परवा फोनवर राहिलेलं हे तुझं एक वाक्य. झालं जरा लांब. पण कागदावर तो शांत झालेला आवाज मला काही केल्या उतरवता येत नाही, आणि फोनवर तर तुला वाटेल लाईन गेली. बांधावरच्या शेवटच्या झाडांच्या चिंचा अजून यायच्यात. त्या संपल्या की हातोड्या वर माळ्यावर जातात आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणाचं माप घेता येत नाही. तेव्हा चिंचा संपायच्या आत ये. मीटिंग-बिटिंग तिकडंच ठेव. आल्यावर कुणाला सांगायचं नाही, मागच्या दारानं आत ये आणि माझ्यामागं पोत्याला टेकून बस. सिनेमा मी लावते.