तक्रारीवरचा नंबर

"मशीन काय बोललं?"

एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र गेले, अशी तक्रार घेऊन कुणी बँकेत आलं की तक्रारी लिहून घेणाऱ्या भाऊंचा पहिला प्रश्न हाच. मग समोरच्याने घुर्रर्र, खटक, टुंई असे आवाज काढून दाखवायचे. आमच्या जव्हारच्या शाखेत तुम्ही कधी आला असतात, तर दोन मोठी माणसं एकमेकांना मशीनचे आवाज ऐकवताना दिसली असती. "नोटा मोजल्या, पण तोंड उघडलं नाही," असं म्हणून भाऊ लिहायला घेत. निकाल लागला की पावतीच्या पाठीवर दोन ओळी लिहून, पाड्यावरच्या माणसाला पोचवायला सूर्यमाळच्या जीपवाल्याकडे देत.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. तक्रार भरली की पुढचं सगळं आपोआप. मोबाइलवर मेसेज जातो, ग्राहकाने उत्तर द्यायचं. वेळेत दिलं नाही, तर तक्रारही आपोआप बंद. भाऊ पाड्यावरच्या लोकांच्या फॉर्मवर सरळ स्वतःचा नंबर टाकू लागले.

"अहो भाऊ, हे नियमात बसत नाही," मी चिडायचो.

"मग नियमाला म्हणावं, सूर्यमाळला जाऊन रेंज शोध."

दिवसभर त्यांचा खिसा वाजायचा.

होळीनंतर भाऊ गेले. घरीच, जेवता जेवता. आम्ही फोटोला हार घातला, त्यांचं टेबल मला मिळालं. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

परवा सूर्यमाळची एक बाई आली. पावसाआधी छपराला पत्रे घ्यायचे होते, ते पैसे मशीनने गिळलेले. तक्रार भाऊंनीच भरली होती, जायच्या आदल्या आठवड्यात. स्क्रीनवर लिहिलं होतं: ग्राहकाचे उत्तर नाही, तक्रार बंद. खाली नंबर. तो मला पाठ होता.

का कोण जाणे, मी तो लावला. भाऊंच्या घरी वहिनींनी उचलला.

"वाजतो हो अधूनमधून. सगळं इंग्रजीत, मला काय कळतंय? चार्ज करून ठेवते तेवढा."

मी फोन ठेवला. बाई पुढे वाकली.

"काय बोलला भाऊ?"

"भाऊ वारले, मावशी."

तिने काउंटर धरला. "मंग आता मला कोण सांगंल?"

मी तक्रार नव्याने भरली. मोबाइलच्या रकान्यात माझा नंबर टाकला. मग विचारलं, "मशीन काय बोललं?"

तिने पदर तोंडाशी नेला आणि हळूच आवाज काढला, "घुर्रर्र."

मला त्यातून काही कळलं नाही. तरी लिहून घेतलं.